घरातल्या ऑर्किडची कुंडी नेमकी कधी बदलायची?

खिडकीतली_बाग

नमस्कार मंडळी. खिडकीशी ठेवलेल्या फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडबद्दल विचारायचं आहे. रोप आणलं तेव्हापासून त्याच पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत आहे, आता दोनेक वर्षं होतील. मुळं काठावरून बाहेर आली आहेत, काही तर हवेतच आडवी वाढताहेत. खालची पानं मऊ पडून लोंबायला लागली आहेत. आणि नेमका आत्ताच पानाच्या बगलेतून नवा फुलदांडा येतोय असं दिसतंय.

जेवढं वाचावं तेवढा गोंधळ वाढतोय. कुणी म्हणतं दर वर्षी कुंडी बदला, कुणी म्हणतं ऑर्किडला दाटीवाटीच आवडते, कुणी म्हणतं फुलं असताना हातसुद्धा लावू नका. मला वेळापत्रक नको आहे. रोपाकडे बघून कसं ओळखायचं, ते जाणकारांनी सांगावं.

शेवाळ

मुळं बाहेर आली म्हणजे कुंडी लहान पडली, असं नाही. हे रोप मूळचं झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. उजेडात आणि वाऱ्यात राहणं त्याच्या मुळांना नवीन नाही. मुळावर व्हेलामेन नावाचं मृत पेशींचं जाडसर आवरण असतं, ते पाणी झटकन ओढून घेतं. कोरडं असताना रुपेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग वर येतो. बाहेरची मुळं कापू नका आणि कुंडीत कोंबूही नका.

मला दोन गोष्टी सांगा. कुंडीत झाडाच्या सालीचे तुकडे आहेत की मॉस (वाळवलेलं शेवाळ)? आणि पाणी घातल्यावर सुकायला पूर्वीइतकाच वेळ लागतो की जास्त?

दवबिंदू

फोटो टाका ना, विशेषतः त्या फुलदांड्याचा. कोवळेपणी मूळ आणि दांडा यांत भल्याभल्यांची गल्लत होते.

खिडकीतली_बाग

फोटो चढवायला जमत नाहीये, वर्णन करते. टोक हिरवं, जरा चपटं आणि एका बाजूला बारीकशी खाच आहे. शेवाळ, वरून सालीचे तुकडे दिसतात, आत काय आहे कळत नाही. सुकायला हल्ली नक्कीच जास्त वेळ लागतो. आधी आठवड्यात हलकी व्हायची कुंडी, आता दहा-बारा दिवसांनीही जड लागते.

दवबिंदू

खाच आहे म्हणजे दांडाच. मुळाचं टोक गोलसर, गुळगुळीत, हिरवं किंवा तांबूस असतं आणि त्याच्या मागे लगेच पांढुरकं आवरण सुरू होतं. दांड्याला ते आवरण नसतंच.

मुळारंभ

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत, "जास्त वेळ लागतो" यात. जरा सविस्तर लिहितो.

ऑर्किडची कुंडी आपण मुख्यतः जागा कमी पडली म्हणून बदलत नाही, आतलं माध्यम, म्हणजे मुळांभोवती भरलेली साल किंवा मॉस, संपलं म्हणून बदलतो. मातीतल्या झाडांची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. साल हे लाकडासारखंच कुजणारं द्रव्य आहे. नवी साल टणक असते, तुकड्यांमध्ये पोकळ्या असतात, पाणी घातलं की ते वाहून जातं आणि त्याच्या मागून हवा आत शिरते. वर्ष-दोन वर्षांत बुरशी आणि जिवाणू ती खातात, तुकडे मऊ होतात, भुगा तळाशी बसतो, पोकळ्या बुजतात. मग तितकंच पाणी घातलं तरी ते आत राहतं आणि मुळांना हवा मिळत नाही. मुळं पाण्याने मरत नाहीत, हवा न मिळाल्याने मरतात.

आता ओळखायचं कसं. कुंडीच्या मधल्या भागातून सालीचा एक तुकडा चिमटीत उचला आणि दाबा. टणक राहिला तर ठीक. बोटांत चुरगळला आणि बोटं काळपट झाली तर साल संपली. तोच तुकडा नाकाशी धरा. चांगल्या सालीला पावसाळी रानाचा वास येतो, संपलेलीला आंबट, कुबट. पाणी घालताना कान द्या, तळातून सरसर गळायला हवं. थेंब थेंब गळत असेल तर तळाशी भुगा साचला आहे. काठावर किंवा मुळांवर पांढरट खर धरली असेल तर ते खताचे आणि पाण्यातले क्षार.

मऊ पानांवरून मात्र एकदम निष्कर्ष काढू नका. पाणी कमी पडलं तरी पान मऊ पडतं, आणि मुळं कुजून पाणी वर पोचेनासं झालं तरी तसंच दिसतं. दोन्हींचा उपाय एकमेकांच्या उलट. म्हणून पान बघून पाणी वाढवू नका, आधी मुळं बघा.

रानवाट

मुळारंभ, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पानाआड

मुळारंभ यांचं बरंचसं पटतं, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. मी फॅलेनॉप्सिसची कुंडी ठरवून बदलते. मॉसमध्ये असेल तर दर वर्षी, सालीत असेल तर दोन वर्षांनी, फुलं संपल्यावर. कारण साधं आहे. लक्षणं दिसायची वाट बघितली तर ती दिसेपर्यंत मुळं गेलेली असतात. हे रोप फार सावकाश बोलतं. जाड पानांत पाणी साठवलेलं असतं, त्यामुळे मुळं कुजायला लागली तरी पानं कितीतरी दिवस टवटवीत दिसतात. पान मऊ पडतं तेव्हा आतलं नुकसान जुनं झालेलं असतं. "रोपाकडे बघून ओळखा" हे अनुभवी माणसाला ठीक. ज्याच्याकडे एकच रोप आहे त्याने तारीखच धरावी.

मुळारंभ

पानाआड, तारीख धरायला माझी ना नाही, पण ती तपासायची तारीख असू दे. पारदर्शक कुंडी असेल तर बाहेरूनच बरंच दिसतं. नसेल तर मिश्रण जरा कोरडं असताना कुंडी दोन्ही बाजूंनी हलके दाबा आणि रोप गड्ड्यासकट वर उचलून बघा. मुळं पांढरी-हिरवी, कडक असतील तर परत ठेवून द्या. उचलून बघण्याने रोपाचं काही बिघडत नाही.

आणि तारखेनुसार बदलायचं तरी फुलं संपल्याबरोबर लगेच का? फुलं संपली तरी नवी मुळं फुटलेली नसतील तर रोप त्या वेळी जखमा भरून काढू शकत नाही. मी नव्या मुळाची वाट बघतो. बुंध्याशी हिरवी टोकं डोकावली की ती कुंडी बदलायची वेळ. कोवळं मूळ नव्या मिश्रणात शिरतं आणि त्याच्याशी जमवून घेतच वाढतं.

पानाआड

नव्या मुळांचं शंभर टक्के मान्य. माझ्याकडे फुलं संपणं आणि मुळं फुटणं साधारण एकाच सुमारास येतं, म्हणून मी ते वेगळं करून लिहिलं नाही. तपासायच्या तारखेचंही पटलं.

कोवळंऊन

पण धागाकर्तीचा खरा पेच फुलदांड्याचा आहे ना? दांडा आलाय, मिश्रण संपलंय. काय करायचं? माझ्या मते हात लावू नये. फुलं येऊन जाऊ देत, मग निवांत बदला.

शेवाळ

फुलं येऊन जायला किती वेळ लागतो माहीत आहे ना? दांडा दिसल्यापासून पहिली कळी उमलेपर्यंत दोन-तीन महिने, आणि मग फुलंच दोन-तीन महिने टिकतात. कुजकी मुळं असलेलं रोप तेवढा काळ तसंच ठेवायचं? दांडा आणि फुलं पोसायला लागणारं पाणी मुळांतूनच यायचं आहे.

माझा हिशोब असा. मुळं धड असतील तर थांबा. मुळं कुजत असतील तर दांडा असो, फुलं असोत, आजच बदला. फार तर कळ्या गळतील. रोप राहिलं तर दांडा पुन्हा येतो.

कोवळंऊन

कळ्या गळतीलच असंही नाही म्हणा. नर्सरीत काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी भर फुलात रोप हलवलेलं मी पाहिलंय, फुलं थोडी लवकर गेली एवढंच. ठीक आहे, कुज असेल तर तुमचं मान्य. पण कुज आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये.

सावलीवाला

मध्येच विचारतो. आमचं नवीनच आणलेलं रोप आहे, फुलांनी भरलेलं. ते लगेच दुसऱ्या कुंडीत लावायचं का?

दवबिंदू

सावलीवाला, फुलं असेपर्यंत नको. दुकानातून घरी आल्यावर उजेड, ओलावा, पाणी सगळंच बदलतं, त्यात आणखी एक धक्का कशाला? काही दिवस बाकीच्या रोपांपासून लांब ठेवा, पानांच्या मागे आणि बेचक्यांत पांढरे कापसासारखे किडे नाहीत ना ते बघत राहा. फुलं ओसरली की मात्र पहिल्या संधीला बदला, आणि त्या वेळी गड्ड्याच्या पोटात नक्की बघा. याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा, मला मांडता येणार नाही.

निळीशाई

मी लिहिते. घाऊक प्रमाणात वाढवलेली रोपं लहानपणी बोटभर आकाराच्या साच्यात, दाबलेल्या मॉसच्या किंवा पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या) गोळ्यात वाढतात. मोठी झाली की तो गोळा तसाच ठेवून भोवती साल भरतात. नर्सरीत त्याचा त्रास होत नाही, तिथे उष्णता, वारा, पाणी सगळं मोजून मापून असतं. घरी येतं तेव्हा बाहेरची साल दोन दिवसांत कोरडी होते, आपण पाणी घालतो, आणि बुंध्याखालचा तो गोळा कधीच सुकत नाही. सगळ्यात जुनी मुळं त्याच्यातून निघालेली असतात, कूज तिथूनच सुरू होते.

ओळखायला बांबूची बारीक काडी बुंध्याजवळून तिरकी, मुळं चुकवत आत घाला, थोडा वेळ ठेवा आणि काढून गालाला लावा. वरची साल कोरडी ठणठणीत आणि काडीचं टोक थंड, ओलसर लागलं तर आत गोळा आहे.

धागाकर्तीने वर्णन केलंय ते वाचून मला हाच संशय येतोय. वर साल, कुंडी बरेच दिवस जड, पानं लोंबलेली.

खिडकीतली_बाग

काडी घालून बघितली. टोक अगदी ओलं, आणि काळपट काहीतरी चिकटून आलं. चार दिवसांपूर्वी पाणी घातलंय. उद्या बाहेर काढून बघते. काढल्यावर काय कापायचं आणि काय ठेवायचं ते आधीच सांगून ठेवा.

मुळारंभ

बाहेर काढायच्या आधी कुंडीसकट साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. याचे दोन फायदे. कोरडी मुळं कडक असतात, वाकवली की मोडतात, भिजली की लवचिक होतात. आणि भिजल्यावर जिवंत मुळं हिरवी पडतात, मेलेली तपकिरी किंवा मळकट राहतात.

मग एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकेच दाबा. टणक लागलं तर ते जिवंत, रंग काहीही असो. कुंडीच्या आत उजेड न मिळालेली मुळं पिवळट, फिकट दिसतात, ती कापायची नाहीत. मऊ लागलं, दाबल्यावर पाणी सुटलं, वरचं आवरण सरकून हातात आलं आणि आतली बारीक तार तेवढी राहिली, तर ते गेलं. कागदासारखं पोकळ, चपटं लागलं तर तेही गेलं. अर्धं मूळ चांगलं असेल तर चांगल्या भागापर्यंतच कापा.

गोळा ओढून काढू नका. चिमट्याने थोडा थोडा कुरतडत, वाहत्या पाण्याखाली धरून काढा. सालीचा एखादा तुकडा मुळाला घट्ट चिकटलेला असेल तर तो राहू दे.

पानाआड

एक फार महत्त्वाचं राहिलं. कात्री. एका रोपावरून दुसऱ्यावर जाताना पातं गॅसच्या ज्योतीवर धरून नीट तापवा आणि गार झाल्यावरच वापरा. ऑर्किडमध्ये सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट असे दोन विषाणू सर्रास असतात आणि ते कापताना रसातून पसरतात. कित्येक रोपांत वरून काहीच दिसत नाही. यांच्यावर औषध नाही. स्पिरिटने पुसणं विषाणूंना पुरेसं नाही. एकच रोप असलं तरी सवय लावून घ्या, कारण दुसरं येणारच आहे.

रानवाट

"दुसरं येणारच आहे" याला जोरदार अनुमोदन! :)

सावलीवाला

कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावतात असं ऐकलंय. लावायची का?

कोवळंऊन

हो, आम्ही नेहमी लावतो. बुरशी येत नाही.

शेवाळ

मुळांना लावू नका. दालचिनी बुरशीला आवर घालते हे बरोबर, पण ती ओलावाही ओढून घेते. पान कापलं असेल तर त्या जागी चालते, तिथे जखम सुकायलाच हवी असते. मुळावर भुरभुरली की शेजारचं निरोगी आवरणही सुकतं, आणि ज्या मुळांच्या जिवावर रोप उभं राहायचं तीच कमी होतात.

कोवळंऊन

पण शेवाळ, आमची रोपं काही मेली नाहीत त्याने.

शेवाळ

मेली नाहीत हे खरंच असेल, भरपूर मुळं असलेलं रोप चार मुळांचं नुकसान सोसतं. धागाकर्तीच्या रोपाकडे उद्या किती मुळं उरतील याची खात्री नाही, म्हणून मी जोर देऊन सांगतोय. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. फेस येतो म्हणून वाटतं काम झालं, पण तो फेस निरोगी पेशींवरही येतो आणि मुळांची कोवळी टोकं भाजतात.

कोवळंऊन

बरं, कापाच्या टोकापुरतीच लावून बघेन. पटतंय थोडं थोडं.

निळीशाई

अवांतर, पण विषयाला धरून. ऑर्किडची कुंडी वारंवार बदलावी लागते ही अडचण बरीचशी सालीबरोबर आली. सालीच्या आधी अनेक दशकं ऑस्मुंडा नावाच्या नेच्याच्या मुळांचा काथ्या वापरत. तो घट्ट ठोकून भरावा लागे, त्याचं कसब असे, पण सालीपेक्षा जास्त टिके. तो महाग आणि दुर्मीळ होत गेला आणि १९५०च्या दशकात फरच्या झाडाची साल वापरात आली. स्वस्त, भरायला सोपी, आणि कुजणारी. त्यामुळे जुन्या पुस्तकांत "अमुक वर्षं हात लावू नका" असं वाचलं तर ते कुठल्या माध्यमाबद्दल आहे ते आधी बघा. तो सल्ला सालीला लावून चालत नाही.

रानवाट

हे माहीत नव्हतं. मग न कुजणारं माध्यम का वापरू नये? भाजलेल्या मातीच्या गोळ्या मिळतात ना?

निळीशाई

वापरतात. गोळ्या कुजत नाहीत, त्यामुळे "माध्यम संपलं" हे कारण उरत नाही. पण क्षार साचतात, अधूनमधून भरपूर साध्या पाण्याने धुवावे लागतात. आणि सालीतून गोळ्यांत हलवायचं ते नवी मुळं फुटताना. जुनी मुळं सालीतल्या ओलाव्याला सरावलेली असतात, त्यातली बरीच जातात. नवी फुटत नसताना हलवलं तर रोप दोन्हीकडून जातं.

हिरवाचाफा

माझं कॅटलिया जातीचं ऑर्किड आहे. वरचं सगळं त्यालाही लागू का?

मुळारंभ

माध्यमाचं सगळं लागू. वेळेबद्दल मात्र कॅटलिया जास्त हट्टी. फॅलेनॉप्सिस एकाच शेंड्याने वर वाढतं. कॅटलिया आडव्या खोडाने पुढे सरकत जातं, दर हंगामात नवा फुगीर कंद, आणि मुळं त्या नव्या कंदाच्या बुडाशी फुटतात. जुनी मुळं मोडली तर त्यांना पुन्हा फांद्या फुटण्याचं प्रमाण कमी. म्हणून नव्या कंदाच्या बुडाशी मुळांचे हिरवे कोंब नखाएवढे दिसले की लगेच बदलायचं. उशीर झाला आणि मुळं दोन-तीन इंच लांब झाली तर हाताळताना ती टोकं मोडतात. फार लांबली असतील तर आणखी वाढून त्यांना फांद्या फुटेपर्यंत थांबा. कंदावर दोन-दोन पानं असलेल्या जातींच्या बाबतीत हे कसोशीने पाळा, त्या अवेळी हलवलेल्या सहन करत नाहीत.

लावताना जुनं टोक कुंडीच्या काठाला टेकवा आणि वाढत्या टोकापुढे दोन वर्षांच्या वाढीपुरती जागा ठेवा. मध्यभागी लावू नका.

दवबिंदू

पाफियोपेडिलम या ऑर्किडला याच्या उलट. त्याला कंद नाही, मुळं थोडी आणि केसाळ, आणि शिळं मिश्रण त्याला सोसत नाही. वर्षाला बदललेलं त्याला मानवतं, जवळपास कधीही. टोपलीत वाढवतात त्या व्हँडा ऑर्किडला शक्यतो हात लावूच नये. टोपली लहान पडली तर मुळं भिजवून जुन्या टोपलीसकट मोठ्या टोपलीत ठेवायचं.

खिडकीतली_बाग

काढलं बाहेर. सगळ्यांनी सांगितलं तसं आधी भिजवून घेतलं. आत खरोखरच गोळा होता, काळा, चिकट, आणि मुळांच्या जाळीत असा अडकलेला की काढायला संध्याकाळ गेली. गोळ्यातली मुळं जवळजवळ सगळी गेली होती, हात लावला की आवरण सुटून येत होतं. पण कुंडीच्या कडेने वाढलेली सहा मुळं टणक आहेत. आणि बुंध्यावर, पानांच्या खाली, दोन हिरवी टोकं दिसताहेत! दांडा बोटभर झालाय.

आता कुंडी कुठली घेऊ? जुनी आता फार मोठी वाटतेय. आणि दांड्याचं काय करू?

शेवाळ

सहा टणक मुळं म्हणजे बरंच काही वाचलं. वेळेत काढलंत.

कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाने घ्या, पानांच्या नाही. मुळं भोवती सैलसर मावतील आणि बोटभर फट राहील एवढीच. म्हणजे जुनीपेक्षा लहान. मोठ्या कुंडीत मधला भाग सुकत नाही आणि पुन्हा तीच गोष्ट. पारदर्शकच घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं हवीत. शोभेच्या बाहेरच्या भांड्यात ठेवत असाल तर पाणी घातल्यावर त्यात साचलेलं ओतून टाका.

पानाआड

दांडा काढून टाका. मन होत नाही, समजतं. पण सहा मुळांवर रोपाने आधी नवी मुळं करावीत, फुलं पुढच्या हंगामात. दांडा ठेवला तर पानांतलं होतं नव्हतं ते तिकडे जाईल.

कोवळंऊन

मी ठेवला असता. दांडा बोटभरच आहे, रोपाला झेपलं नाही तर तो आपोआप सुकेल. पानं आणखी सुरकुतायला लागली तर तेव्हा कापता येईल. आत्ताच का?

मुळारंभ

दोघांचंही चूक नाही. निर्णय पानांवरून घ्या. वरचं सगळ्यात नवं पान कडक असेल तर कोवळंऊन म्हणताहेत तसं ठेवून बघायला हरकत नाही. तेही मऊ असेल तर पानाआड यांचं ऐका. खालची लोंबलेली पानं बघू नका, ती पूर्ववत होत नाहीत आणि त्यांच्यावरून काही कळतही नाही. यापुढे नवं पान आणि नवी मुळंच बघायची.

खिडकीतली_बाग

वरचं पानही जरा मऊच आहे. कापते दांडा.

निळीशाई

योग्य केलंत. आता लावताना एवढं करा. साल रात्रभर पाण्यात भिजवा, नवी साल सुरुवातीला पाणी धरत नाही, वरून ओघळून जातं. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरणार असाल तर दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, त्यांत क्षार असतात. मुळं मोजकी असल्याने सालीत थोडं मॉस सगळीकडे सारखं विंचरून मिसळा, म्हणजे ओलावा राहील. मात्र मॉसचा पुंजका बुंध्याखाली ठेवू नका, नाहीतर पुन्हा गोळाच तयार होईल. सर्वांत खालचं पान सालीच्या वर राहिलं पाहिजे. हवेतली मुळं बाहेरच असू देत.

आणि रोप हलता कामा नये. मुळं कमी असली की ते डुगडुगतं, आणि डुगडुगताना कोवळी टोकं सालीवर घासून मरतात. काडी रोवून सैल गाठीने बांधा.

सावलीवाला

पाणी लगेच घालायचं?

पानाआड

मुळं बरीच कापली आहेत, तेव्हा जखमा सुकायला तीन-चार दिवस द्या. साल भिजवलेली आहे, तेवढा ओलावा पुरतो. मग नेहमीसारखं, कुंडी हलकी लागली की. खत नवी मुळं स्पष्ट वाढताना दिसेपर्यंत नाही. उन्हापासून लांब, पण उजेड हवा. अंधारात ठेवू नका, मुळं करायला त्याला ताकद उजेडातूनच मिळणार आहे.

रानवाट

आमच्याकडे घरातलं प्रत्येक माणूस ऑर्किडवर प्रेम करतं आणि प्रत्येक जण पाणी घालतं. शेवटी कुंडीजवळ कागद ठेवलाय, पाणी घालणाऱ्याने तारीख लिहायची. त्याचा फायदा असा झाला की सुकायला लागणारे दिवस वाढले की कागदावर लगेच कळतं. वर मुळारंभ यांनी लिहिलेलं लक्षण आम्हाला तिथेच सापडतं.

मुळारंभ

रानवाट, ही कागदाची युक्ती फार चांगली. फक्त हंगाम लक्षात घ्या. थंडीत आणि दमट हवेत नवी सालही सावकाश सुकते. गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी तुलना करा.

हिरवाचाफा

कॅटलियाची माहिती मोलाची, धन्यवाद. आणखी एक. घरात डेंड्रोबियम ऑर्किडही आहे, त्याच्या उंच काडीवर वरच्या बाजूला छोटं रोपटं फुटलंय, मुळंही आली आहेत. ते कधी काढायचं? आणि मूळ रोपाची कुंडी त्याच वेळी बदलू का? काड्या इतक्या उंच झाल्यात की कुंडी कलंडते.

दवबिंदू

त्या पिल्लाला कीकी म्हणतात. त्याची मुळं साधारण दोन-तीन इंच झाली आणि स्वतःची दोन-तीन पानं असली की काढा. काडीचा थोडा तुकडा दोन्ही बाजूंना ठेवून कापलंत तर मुळांना इजा होत नाही. लावायच्या आधी मुळं भिजवून घ्या, म्हणजे लहान कुंडीत वळवता येतात.

मूळ रोपाच्या कुंडीची घाई नको. डेंड्रोबियमला घट्ट कुंडी चालते, मोठ्या कुंडीत ते लवकर कुजतं. कलंडणं हे कुंडी बदलण्याचं कारण नाही, आहे ती कुंडी एखाद्या जड भांड्यात उभी करा. साल चिमटीत दाबून बघा. चुरगळली तर नव्या कोंबाच्या बुडाशी मुळं दिसेपर्यंत थांबून बदला, टणक असेल तर राहू दे. आणि पानं झडलेल्या जुन्या काड्या वाळलेल्या समजून कापू नका, त्यांत रोपाचा साठा असतो. काही जातींना फुलंही त्याच काड्यांवर येतात.